एक लाइन, चाळीस एकर आणि जोडधंदे: उरण-पनवेल पट्ट्यातलं कंटेनर टर्मिनल वाढवताना

प्रश्न असा आहे: जेएनपीएच्या (न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराच्या) पाठीमागे, उरण-पनवेलच्या दरम्यान, एका खासगी रेल्वे कंटेनर टर्मिनलकडे आज हाताळणीची एक लाइन आणि एक रीच स्टॅकर (कंटेनर उचलून थप्पीला लावणारं चाकांचं यंत्र) आहे. लगतची ४० एकर जमीन मिळू शकते. दुसरी लाइन टाकावी का, आणि सोबत सीएफएस (कंटेनर फ्रेट स्टेशन, म्हणजे बंदराबाहेर कस्टम्सच्या तपासणीसाठी माल ठेवण्याचं आवार), शीतगृह, गोदाम, स्वतःचे ट्रेलर असे धंदे काढावेत का?

दुसरी लाइन टाकावी, पण सुरुवात तिच्यापासून करू नये. आधी महिनाभर प्रत्येक रेकची (वॅगनच्या अख्ख्या जोडगाडीची) नोंद ठेवा: आत कधी आला, पहिला कंटेनर कधी उचलला, शेवटचा कधी ठेवला, बाहेर कधी पडला. टर्मिनलची क्षमता रेक किती तासांत मोकळा होतो यावर ठरते. जोडधंद्यांचा निकालही याच हिशोबाने लावायचा. जो धंदा रेकचे तास वाचवतो किंवा परतीची गाडी भरून देतो तो आपला, बाकीचे ज्यांना जमतात त्यांनी करावेत.

हिशोब मांडू. बीएलसी (कंटेनरच्या सपाट वॅगनच्या) रेकमध्ये ४५ वॅगन, म्हणजे ९० टीईयू (२० फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, ४० फुटी म्हणजे दोन). त्यात ४० फुटी ३० आणि २० फुटी ३० असे ६० कंटेनर धरू. ६० उतरवायचे, ६० चढवायचे, एकूण १२० मूव्ह, म्हणजे उचली. रीच स्टॅकर विकणारा तासाला २० मूव्ह सांगतो, पण रात्रपाळी, पाऊस आणि थप्पीत खाली अडकलेला कंटेनर बाहेर काढणं धरलं तर सरासरी १२ धरावी. एका यंत्रावर १० तास. त्यात रेक लावणं, हाताळणीनंतर गार्ड आणि लोको पायलटची संयुक्त तपासणी, कागदपत्रं आणि बाहेर पडायला मार्ग मिळण्याची वाट, असे ४ तास मिळवा. १४ तासांना एक रेक, म्हणजे दिवसाला पावणेदोनही नाहीत. दुसरा रीच स्टॅकर आणला की हाताळणी ५ तासांवर येते, एकूण ९ तास, दिवसाला अडीचच्या वर. यात एक मीटरही रूळ वाढलेला नाही. त्यानंतर दुसरी लाइन आली की एका लाइनीवरचा रेक तपासणीत किंवा मार्गाच्या प्रतीक्षेत असताना यंत्रं दुसऱ्या रेकवर चालतात. मग अडसर फक्त यंत्रांच्या ५ तासांचा, कागदावर दिवसाला ४.८ रेक. हे सगळे आकडे ७० टक्क्यांवर आणूनच वापरा, कारण रेक सारख्या अंतराने येत नाहीत; तीन पाठोपाठ येतात आणि मग बारा तास यार्ड रिकामं असतं. म्हणजे आज सव्वा रेक, दुसऱ्या यंत्राने पावणेदोन-दोन आणि दुसऱ्या लाइनीने सव्वातीनच्या पुढे. पैसे कोणत्या क्रमाने लावायचे ते यातच दिसतं.

मूव्हची गती वाढवायला ऑपरेटरवर ताण देऊ नका. बीएलसी वॅगनवरची ट्विस्ट लॉक (कंटेनरचे कोपरे धरून ठेवणाऱ्या कड्या) आपोआप सुटणारी असतात, पण गंजली किंवा वाकली की एखादं सुटत नाही. कंटेनर थोडा तिरका उचलला तर लॉक धरून ठेवतं आणि कंटेनरबरोबर वॅगनही वर येते. ऑपरेटरला केबिनमधून हे दिसत नाही. वॅगन परत खाली बसताना चाक रुळावर आलं नाही, तर लाइन अर्ध्या दिवसासाठी बंद. म्हणून नियम ठेवायचा: हाताच्या पंजाएवढं उचलून थांबायचं, खालच्या माणसाने चारही कोपरे बघून हात दाखवायचा, मगच वर. प्रत्येक उचलीला चार-पाच सेकंद जातात. घसरलेली वॅगन चढवण्याच्या मानाने ते काहीच नाहीत.

आता जमीन. ४० एकर म्हणजे सुमारे १,६१,९०० चौरस मीटर. जमीन चौकोनी असेल तर बाजू ४०२ मीटर भरते, आणि इथेच बहुतेक प्रस्ताव गडबडतात. इंजिन आणि ब्रेक व्हॅनसह (शेवटच्या गार्डच्या डब्यासह) रेक बसावा म्हणून रेल्वेची जुनी प्रमाण लांबी ६८६ मीटर आहे. नवीन काम ७५० मीटर धरून करावं. त्याला १:८.५ चे पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे), जोडणारा वळणाचा भाग (वळण १० अंशांहून तीव्र नको, म्हणजे त्रिज्या १७५ मीटरच्या खाली नको) आणि टोकाची शंटिंगची (वॅगन पुढेमागे हलवण्याची) जागा जोडली की १,१०० मीटर लांबीची पट्टी लागते. त्या लांबीला ४० एकरांत १४७ मीटर रुंदी मिळते: दोन लाइनी, बाजूला थप्पीची जागा, ट्रेलरचा रस्ता, सगळं नीट बसतं. चौकोनी जागेत मात्र रेक तोडून दोन तुकड्यांत लावावा लागतो. प्रत्येक तोड-जोडीला शंटिंग आलं आणि ब्रेक पाइपची सलगता पुन्हा तपासणं आलं. दुसऱ्या लाइनीने वाचवलेले तास तिथेच जातात. अशी जमीन स्वस्त मिळाली तरी गोदामासाठी घ्या, लाइनीसाठी नको.

उताराबाबत तडजोड करू नका. हाताळणीची लाइन १:१२०० किंवा त्याहून सपाट हवी. १:४०० ही शेवटची हद्द. रोलर बेअरिंगची रिकामी वॅगन अगदी थोड्या उतारावरही आपणहून सरकते, आणि एकदा निघाली की पुढचा पॉइंट आणि त्यापलीकडची मुख्य लाइन धोक्यात येते. हँडब्रेक आणि स्किड (चाकाखालचे अडसर) लावायचेच, पण त्यांच्या भरवशावर उतार ठेवायचा नाही.

विजेच्या तारांचा प्रश्न नकाशावर छोटा दिसतो. रीच स्टॅकर जिथे चालतो तिथे वर २५ केव्हीची तार ठेवता येत नाही, आणि इलेक्ट्रिक इंजिन तारेशिवाय जात नाही. सरळ उपाय असा की रेक आधी रिसेप्शन लाइनीवर (आलेली गाडी प्रथम घेण्याच्या लाइनीवर) पूर्ण ओढायचा, तिथून ब्रेक व्हॅन पुढे करून हाताळणीच्या लाइनीत मागे ढकलायचा आणि इंजिन तारेखालच्या शेवटच्या ५०-६० मीटरमध्ये उभं ठेवायचं. बाहेर पडताना ते आपोआप गाडीच्या तोंडाशी असतं, इंजिन फिरवून घ्यावं लागत नाही. पण यासाठी रिसेप्शन लाइन स्वतंत्र आणि पूर्ण लांबीची हवी. ती वगळून फक्त हाताळणीच्या दोन लाइनी टाकल्या, तर दुसरा रेक बाहेरच्या स्टेशनावर ताटकळत राहतो आणि गाड्यांचा क्रम ठरवणारा सेक्शन कंट्रोलर तुमची गाडी पुढच्या वेळी मागे ढकलतो. माझ्या मते पैसे कमी पडत असतील तर हाताळणीची दुसरी लाइन पुढच्या टप्प्यात न्यावी, रिसेप्शन लाइन आधी करावी.

पश्चिम समर्पित मालवाहू मार्गाचा विचार आत्ताच करून ठेवा. दादरी ते जेएनपीए सुमारे १,५०० किलोमीटरच्या या मार्गावर दुमजली कंटेनर गाड्यांसाठी ७.१ मीटर उंचीची मोकळीक आहे आणि तार ७.५ मीटरच्या वर आहे. दुमजली रेक म्हणजे ४५ वॅगनवर १८० टीईयू. तो तुमच्या टर्मिनलपर्यंत आणायचा तर जोडलाइनीवरची तार, वाटेतले रस्त्यांचे पूल आणि पादचारी पूल सगळे त्याच उंचीचे लागतात. एक जरी बुटका राहिला तरी वरचा मजला कुठेतरी उतरवावा लागेल. आज दुमजली गाडी घ्यायची नसली तरी नव्या खांबांची उंची त्या हिशोबाने ठेवा, नंतर बदलणं फार महाग पडतं.

थप्पीची जागा किती लागेल हे कंटेनर किती दिवस पडून राहतो त्यावर आहे. दिवसाला ३ रेक, प्रत्येकी ९० टीईयू उतरले तर २७०. सरासरी ३ दिवस मुक्काम असेल तर जागेवर ८१०, आणि ५ दिवस झाला तर १,३५०. रीच स्टॅकरने चार उंच थप्पी लावली तर हेक्टरी ५०० टीईयूच्या आसपास बसतात. म्हणजे मुक्काम दोन दिवसांनी वाढला की हेक्टरभराहून जास्त जमीन गेली, तीही फक्त उतरलेल्या मालापुरती. त्यामुळे पहिले तीन दिवस मोफत आणि चौथ्या दिवसापासून चढतं भाडं, ही पद्धत ग्राहक कितीही कुरकुरला तरी सोडू नका.

या पट्ट्यातली जमीन म्हणजे खाली खाडीचा मऊ चिखल. भराव टाकला की तो वर्षानुवर्षं खचत राहतो, आणि सारखा खचत नाही, हे जास्त वाईट. आधी उभे निचरा-पट्टे घालून, वर जादा भराव ठेवून, सहा महिने ते वर्षभर जमीन दाबून घ्यायची आणि मगच फरसबंदी. भार काय येतो ते बघा: प्रत्येकी २४ टनांचे चार कंटेनर एकावर एक म्हणजे ९६ टन, आणि ते उभे फक्त चार कोपऱ्यांवर. एक कोपरा १७८ बाय १६२ मिलिमीटरचा, त्यावर २४ टन. शेजारच्या थप्पीचा कोपराही तिथेच येतो. डांबर एका उन्हाळ्यात दबतं. भरलेल्या रीच स्टॅकरच्या पुढच्या आसावर १०० टनांच्या आसपास भार असतो आणि तो रोज त्याच पट्ट्यातून, रुळाला समांतर धावतो. तिथे जाड काँक्रीट हवं. थप्पीखाली इंटरलॉकिंग ब्लॉक चालतात, कारण खचल्यावर ते उचलून, खाली भर घालून परत बसवता येतात.

खचण्याची सुरुवात पाण्याने होते. ब्लॉकच्या फटींतून पाणी खालच्या थरात शिरतं, यंत्र वरून गेलं की गढूळ पाणी फटींतून वर उडतं. हे दिसलं की समजायचं खालची खडी धुपते आहे, आणि त्याच आठवड्यात तो भाग उघडायचा. पाणी बाहेर काढणंही इथे सोपं नाही, कारण भरतीला नाल्याचं तोंड समुद्राच्या पातळीखाली जातं. सिडकोने नवी मुंबईत धारण तलाव आणि भरतीला आपोआप बंद होणारी झडपांची दारं याच कारणासाठी केली. टर्मिनलमध्येही तसाच एक छोटा तलाव ठेवा. भरती आणि जोराचा पाऊस एकत्र आला की तीन-चार तास पाणी आतच साठवावं लागतं.

जमीन घेताना सातबाऱ्याबरोबर कांदळवनाचा नकाशा बघा. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर राज्यभर कांदळवन तोडायला बंदी आहे, भोवतीचा ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवावा लागतो, आणि अपवाद सार्वजनिक हिताच्या कामालाच, तोही न्यायालयाच्या परवानगीने. जोडलाइनीच्या वाटेत एक जरी झुडुपांचा पट्टा आला तरी आखणी बदला.

रस्त्याच्या फाटकाकडे सगळ्यांचं शेवटी लक्ष जातं. दिवसाला ३ रेक म्हणजे उतरलेले १८० आणि चढायला आलेले १८० कंटेनर. गर्दीच्या तासाला त्यातला पाचवा हिस्सा येतो असं धरलं तर तासाला ७०-७५ ट्रेलर. फाटकावर एका गाडीला ४ मिनिटं लागली तर एक लेन तासाला १५ गाड्या सोडते. म्हणजे पाच लेन, नाहीतर नोंदणी आधीच ऑनलाइन करून वेळ दीड-दोन मिनिटांवर आणायची. आत किमान १०० ट्रेलर उभे राहतील एवढी जागा ठेवा. रांग गव्हाण फाट्याच्या किंवा जासईच्या रस्त्यावर गेली की वाहतूक पोलिस गाड्या हाकलतात आणि इकडे रेक अर्धा भरून थांबतो. गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना काही दिवस बंदी असते; त्या आठवड्यात दक्षिणेकडचा माल टर्मिनलवर साचणार, हे धरूनच रेकची मागणी नोंदवा.

माल कोणत्या दिशेचा आहे यावर बरंच काही अवलंबून आहे. दिवा-वसईमार्गे गुजरात आणि दिल्लीकडे सपाट वाट आहे. नागपूरकडे जायचं तर कसारा-इगतपुरी आणि पुणे-सोलापूरकडे कर्जत-लोणावळा, दोन्ही घाटांत चढ १:३७ चा, मालगाडीला बँकर, म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं जोडावी लागतात. त्यासाठी थांबणं आलं, आणि उपनगरी गाड्यांच्या गर्दीच्या वेळा टाळणं आलं. घाटावरचा माल मुख्य धरून दिवसाला तीन रेकचा आराखडा करू नका.

जोडधंदे. यात मोठ्या कंपन्यांनी काय केलं ते उघड आहे. कॉनकॉर १९८८ साली स्थापन झाली. तिने जेएनपीएतल्या गेटवे टर्मिनल्स इंडियात २६ टक्के भाग घेतला, उरलेले ७४ टक्के एपीएम टर्मिनल्सकडे. हे गुंतवणुकीचं उत्तम उदाहरण, कारण बंदराच्या धक्क्यावरचा माल हाच तिच्या गाड्यांचा माल. त्याच कॉनकॉरने फ्रेश अँड हेल्दी एंटरप्रायझेस ही उपकंपनी काढून हरियाणात सोनीपतजवळ राई इथे सफरचंदांचं नियंत्रित वातावरणाचं शीतगृह बांधलं. सफरचंद विकत घेऊन, साठवून, भाव बघून विकणं हा बाजारभावाचा धंदा आहे, रेल्वेचा नाही; तो तोट्यात गेला आणि पुढे कक्ष भाड्याने देण्याकडे वळावं लागलं. शीतगृहात दोष नव्हता, मालाची मालकी स्वतःकडे घेण्यात होता. अमेरिकेतल्या सीएसएक्स रेल्वेने २०२१ मध्ये क्वालिटी कॅरिअर्स ही रसायनांची टँकर कंपनी घेतली, ती मात्र शेवटच्या मैलाचा ट्रक हातात ठेवून लांबचा प्रवास रेल्वेकडे वळवण्यासाठी. या दोन उदाहरणांतला फरक तुमच्या प्रत्येक प्रस्तावाला लावून बघा.

सीएफएस नवीन काढू नका. जेएनपीएभोवती तिसाहून जास्त आहेत. २०१६ पासून थेट बंदरातून माल नेण्याची सोय वाढल्यावर आयातीचा मोठा हिस्सा सीएफएसला वळसा घालून जातो. उरतं ते तपासणीचं, सुट्या मालाच्या एकत्रीकरणाचं आणि रेंगाळलेल्या मालाचं काम. यात कस्टम्सकडे कस्टोडियन (मालाचा राखणदार) म्हणून जबाबदारी येते, २००९ च्या नियमांप्रमाणे हमी, विमा आणि सुरक्षा आली. ३० दिवसांत न सोडवलेला माल कायद्याने विकता येतो, पण व्यवहारात लिलाव होईपर्यंत तो महिनोन्महिने जागा अडवतो. थप्पीच्या जागेचा हिशोब वर दिला आहे. असे पन्नास कंटेनर तुमच्या लाइनीच्या शेजारी नकोत.

रिकाम्या कंटेनरचा डेपो मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा. निर्यातदाराचा ट्रेलर एकीकडे रिकामा कंटेनर घ्यायला, मग कारखान्यात आणि मग टर्मिनलवर अशा तीन फेऱ्या मारतो. रिकामा तुमच्याकडेच मिळाला तर एक फेरी वाचते आणि निर्यातीचा माल आपोआप तुमच्या गाडीकडे येतो. त्याला जोडून दुरुस्ती: पत्र्याला ठिगळ, वाकलेला खांब सरळ करणं, तळाची प्लायवूड फळी, दरवाजाचं रबर. एक शेड, दोन वेल्डिंग सेट, चार चांगले कारागीर एवढ्यावर सुरू होतं. धुण्याच्या जागेला सांडपाणी प्रक्रिया आणि प्रदूषण मंडळाची संमती लागते, ती विसरू नका.

शीतगृहाऐवजी रीफर पॉइंट (थंड कंटेनरला वीज देणारी जोडणी) घ्या. ४४० व्होल्ट थ्री-फेज, ३२ अँपिअरचे २०-२४ सॉकेट, स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर आणि पूर्ण भाराचा डिझेल जनरेटर. नाशिकची द्राक्षं शून्याच्या आसपास ठेवावी लागतात. पावसाळी वादळात विजेचा फीडर गेला आणि जनरेटर निम्म्या भाराचाच निघाला तर नुकसान तुमच्या माथी. दर चार तासांनी प्रत्येक कंटेनरचं तापमान वहीत लिहून सही, हीच दाव्याच्या वेळी कामाला येते.

सिमेंट, खत असा पोत्यांचा माल घ्यायचा मोह होईल. बीसीएनएचएल (बंद वॅगनचा) रेक म्हणजे ५८ वॅगन, जवळपास ४,००० टन, ५० किलोची ८०,००० पोती. मोफत वेळ संपला की मूळ दराने वॅगनमागे तासाला १५० रुपये, म्हणजे रेकला तासाला ८,७०० रुपये डिमरेज (वॅगन उशिरा मोकळ्या केल्याचा दंड), आणि वारंवार उशीर झाला तर दर चढतो. पोती उतरवायला १९६९ च्या माथाडी कायद्याप्रमाणे मंडळाकडे नोंदणी आणि मजुरीवरची लेव्ही भरायची. हे काम कंटेनरच्या लाइनीवर मिसळलं तर दोन्ही बिघडतात. स्वतंत्र लाइन आणि उंच छपराची शेड असेल तरच करा. गोदाम म्हणून शेड बांधून भाड्याने देणं चालेल, फक्त ते लाइनीला लागून नको. लाइनीजवळची पहिली ६० मीटर पट्टी थप्पीसाठीच.

ट्रेलर स्वतःचे थोडेच ठेवा, गरजेच्या चौथ्या हिश्श्याइतके, बाकी करारावर. स्वतःच्या गाड्या रेक आला त्या रात्री हुकमी मिळाव्यात, यासाठीच असतात.

मंजुरीचा भाग छोटा, पण तारखा त्यानेच ठरतात. १५ डिसेंबर २०२१ च्या गतिशक्ती कार्गो टर्मिनल धोरणात स्वतःच्या जमिनीवरच्या टर्मिनलला रेल्वेचं विभागीय शुल्क माफ आहे आणि वाणिज्य कर्मचाऱ्यांचा खर्चही रेल्वे उचलते. रेल्वेची जमीन घ्यायची असेल तर २०२२ च्या निर्णयाप्रमाणे ३५ वर्षांपर्यंत, बाजारमूल्याच्या १.५ टक्के वार्षिक दराने मिळते. तत्त्वतः मंजुरीनंतर अभियांत्रिकी आराखडा, सिग्नलचा आराखडा, मग सविस्तर अहवाल. आराखड्यावर ऑपरेटिंग, इंजिनिअरिंग, सिग्नल आणि ट्रॅक्शन (विजेच्या तारा) अशा चारही विभागांच्या सह्या लागतात. एकाने बदल सुचवला की बाकीच्यांकडे पुन्हा जावं लागतं. म्हणून पहिल्याच बैठकीला चौघांना जागेवर एकत्र आणा. स्टेशनात नवा पॉइंट बसवायला ब्लॉक (कामासाठी वाहतूक थांबवण्याची वेळ) आणि नॉन-इंटरलॉकिंग काम (सिग्नल आणि पॉइंटची आपसातली जोडणी काढून पुन्हा करणं) लागतं. मुंबईच्या परिसरात तो ब्लॉक रविवारच्या मेगाब्लॉकच्या रांगेत मिळतो आणि जून ते सप्टेंबर जवळपास मिळतच नाही. सह्या डिसेंबरपर्यंत झाल्या नाहीत तर मे महिना हुकतो आणि काम थेट दिवाळीनंतर जातं. कंत्राटदाराशी करार करताना पॉइंट बसवण्याची तारीख एप्रिलअखेर धरा, आणि रीच स्टॅकर, फरसबंदी व डेपोचं काम त्या तारखेची वाट न बघता आत्ताच सुरू करा.